जर्मेनियमचा दुष्काळ

१२ जुलै

पार्सल नाही. आजही नाही.

शेवटचा पुडा काल संपला. ट्रे पालथा घालून टेबलावर आपटून पाहिला — एखादा कोपऱ्यात अडकला असेल म्हणून. धूळ निघाली. आमोद म्हणाला, बाबा, बल्गेरियातून निघालंय, आठ-दहा दिवसांत पोचेल. हे चिरंजीव मे महिन्यापासून हेच म्हणतायत. बल्गेरिया कुठे आहे ते या वयात मला नकाशात शोधावं लागलं. तिथल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या गोदामात जुने ट्रान्झिस्टर पडून आहेत आणि त्यांच्या भरवशावर शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतला उद्योग चालतो. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता जवळजवळ कोणी बनवत नाही. जे पडून आहेत ते संपले की संपले.

१४ जुलै

नाही.

१९ जुलै

रिकामाच बसलोय, तर हा उद्योग काय आहे ते तरी लिहून ठेवतो. कोणी वाचणार नाहीये. पण सकाळपासून हात नुसते मांडीवर आहेत, त्यांना काहीतरी हवं.

गिटार वाजवणारी मुलं पायाशी एक डबी ठेवतात. पेडल. पायाने दाबली की गिटारचा चांगलाचुंगला आवाज फाटतो. मी ज्या रेडिओच्या कारखान्यात जन्म काढला तिथे आवाज फाटला तर माल परत यायचा आणि साहेब खाली उतरायचे. माझा मुलगा तोच आवाज मुद्दाम फाडून विकतो, आणि लोक रांग लावून घेतात! पण फाटण्यातही प्रकार आहेत. चांगला ट्रान्झिस्टर असेल तर आवाज जाड सायीसारखा फाटतो. वाईट असेल तर फुसफुसतो, नाही तर शीळ घालतो. वरून सगळे सारखेच. पुड्यातले थोडेच कामाचे निघतात. ते निवडायचं काम माझं.

चिमट्याने उचलायचा. बोटाची ऊब लागली तरी याचा मूड जातो, उन्हाचं तर नावच नको, म्हणून हे काम सकाळचं. जोडणीच्या पट्टीवर बसवायचा, हेडफोन कानाला लावायचा, गिटारची एक तार छेडायची आणि डोळे मिटायचे. पास झाला तर सुनेच्या, म्हणजे नम्रताच्या, जुन्या नेलपॉलिशचा हिरवा ठिपका. नाही तर खोक्यात.

पुष्कर मागे एक मीटर घेऊन आला होता. पुष्कर म्हणजे आमोदचा भागीदार, हिंजवडीला राहतो. म्हणाला, काका, यात सरळ आकडा येतो, कानाला त्रास नको. मी म्हटलं, मीटरला कान नसतात. तो हसला. आमोद हसला नाही, मीटर उचलून कपाटात ठेवलं.

आणखी एक. हेमा, आमोदची आई, गेली त्यानंतर वर्षभर मी खुर्चीत होतो. जेवायला हाक मारली की जेवायचो, नाही मारली तर नाही. मग एका सकाळी आमोदने हा ट्रे समोर आणून ठेवला. बाबा, मला यातलं कळत नाही, तुम्ही बघाल का? दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी दाढी करायला लागलो. हे त्याला कधी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

२ ऑगस्ट

आता म्हणे जहाज लांबचा वळसा घालून येतंय. तैवानचे स्विच आले नाहीत. डब्यांवर रंग देणाऱ्याकडे रंग नाही. सगळ्या जगाने मिळून माझ्याविरुद्ध ठराव पास केलेला दिसतो.

हडपसरचा गंधार येऊन गेला. आमचं जुनं गिऱ्हाईक, बँडमध्ये वाजवतो. त्याचं पेडल परत आलंय. जूनमध्येही काही परत आली होती. आमोद म्हणतो, कुरिअरवाले आदळतात. मग दणकट डब्या करा म्हटलं. यावर गंधारने आमोदकडे पाहिलं आणि आमोदने त्याला बाहेर चहाला नेलं. घरात चहा होत नाही जणू.

१८ ऑगस्ट

नम्रताने सुचवलं — बाबा, हास्यक्लबात जा की, सकाळी बागेत असतो, तुमच्या वयाचे खूप जण येतात. मी म्हटलं, बरोबर आहे, हसायला बल्गेरियाहून काही मागवावं लागत नाही. ती आत निघून गेली. मग वाईट वाटलं. ती चांगली मुलगी आहे. पण हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते, दोनदा विचारावं लागतं.

हास्यक्लब! माणूस बिनकामाचा झाला की त्याला हसायला पाठवतात.

२९ ऑगस्ट

गणपती बसले. खाली ढोल, त्यामुळे तसंही काम झालं नसतं, एवढंच समाधान.

आमोद आता रोज हिंजवडीला जातो. पुष्करच्या कॉम्प्युटरवर बसून देशोदेशीचे व्यापारी शोधतात म्हणे. सकाळी जातो तो दिवेलागणीनंतर येतो, निम्मा दिवस त्या ट्रॅफिकमध्ये. चेहरा उतरलेला असतो. मी विचारतो, माल? तो मान हलवतो. मला त्याची दया येते. धंदा बसला तर काय करणार हा? पुन्हा कंपनीच्या बसमध्ये बसणार.

डास फार झालेत. हात चावून लाल. गुणगुण मात्र नाही — चावायचं तर निदान सांगून चावावं!

१४ सप्टेंबर

बेल बिघडली. नम्रता भाजी घेऊन बाहेर ताटकळली. उघडून पाहिली तर आत सगळं ठीक. हल्लीचा मालच भिकार, खोलीभर ऐकू जात नाही.

२० सप्टेंबर

नाही. आज विचारलंही नाही. त्याने पायातले बूट काढताना माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात कळलं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. दरवर्षी आम्ही बापलेक टेबल पुसतो, सोल्डरिंगचं आयर्न, चिमटा, पक्कड, जोडणीची पट्टी मांडतो, हळदकुंकू, झेंडूचं फूल. कारखान्यातसुद्धा करायचो, तेव्हा यंत्रांना हार असायचे.

ट्रे मधोमध ठेवला. रिकामा. रिकाम्या ट्रेवर कुंकू वाहताना हात थांबला. हेमा असती तर म्हणाली असती, अहो, रिकाम्या भांड्याची पूजा करू नये, चार दाणे तरी टाका. मी नको असलेल्यांच्या खोक्यातले चार उचलून टाकले. नापास पोरांना पहिल्या बाकावर बसवल्यासारखं झालं.

आमोद कपाटातून ते मीटर घेऊन आला आणि इतर हत्यारांच्या शेजारी ठेवायला लागला. मी म्हटलं, ते राहू दे. तो म्हणाला, बाबा, तेही हत्यारच आहे ना. मी म्हटलं, पुष्करच्या घरी पूज. त्याने उचललं. दिवसभर मग आमच्यात बोलणं नाही.

बोलायला हवं होतं मी. सणाचा दिवस होता.

५ ऑक्टोबर

आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही असं ठरवलं आणि रविवारच्या जुन्या बाजारात गेलो. कोणाला सांगितलं नाही. जुने रेडिओ घ्यायचे, उघडायचे, आतले जर्मेनियम काढायचे! हे मला आधी का सुचलं नाही?

कारण दुसऱ्यांना आधी सुचलं होतं. रेडिओ होते, ढिगाने होते. उघडून पाहिले तर आत पोकळ. तारा कापलेल्या. एका ताडपत्रीवाल्याने सांगितलं, "आजोबा, त्याच्यातलं सगळं पोरांनी नेलं काढून. ते गिटारवाले येतात ना. आता रेडिओ शोसाठी जातोय, हाटेलात ठिवाय."

एक माझ्याच कारखान्याचा निघाला. मागच्या झाकणावर तपासणीचा शिक्का तसाच. माझा नसेलही, आम्ही बरेच जण होतो. आत रिकामा. विकत घेतला नाही. उन्हात बराच वेळ धरून उभा राहिलो, मग ताडपत्रीवाल्याने नीट बोलून काढून घेतला.

घरी येईपर्यंत पाय गेले. नम्रताने पाणी दिलं, कुठे होता विचारलं. हास्यक्लबात, म्हटलं.

९ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात, पोळीच्या डब्याच्या वरच्या फळीवर हेमाचा रेडिओ आहे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला कारखान्यातून घेतला होता. ती सकाळी सहाला लावायची, अभंग संपले की बातम्या, बातम्या संपल्या की माझा चहा. ती गेल्यापासून कोणी लावला नाही. सेलसुद्धा मीच काढून ठेवले, आत पाझरू नयेत म्हणून.

त्यात सात आहेत. सगळे जर्मेनियमचे.

दोन दिवस नुसता बघतोय.

१० ऑक्टोबर

उघडला.

लिहिणार नव्हतो, पण लिहितो. झाकणाच्या आत पिठाचा थर होता. पीठ! पोळ्या लाटताना उडालेलं, इतक्या वर्षांचं, जाळीतून आत गेलेलं. मी ते झटकलं नाही. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि एकेक पाय तापवून सातही काढले. काही मोडलं नाही. हात अजून चांगला आहे माझा. मग रेडिओ बंद करून होता तिथे ठेवला. बाहेरून काहीच कळत नाही.

हेमा रागावली असती का? पोराचा धंदा बुडतोय म्हटल्यावर तिने मंगळसूत्र काढून दिलं असतं. हे मी स्वतःची समजूत घालायला लिहीत नाहीये. ती तशीच होती.

११ ऑक्टोबर

सकाळी तपासले. सातातले तीन पास! एक तर असा की कित्येक वर्षांत ऐकला नाही — तार छेडली की भरून येतो आणि हळूहळू विझतो, मागे अगदी शांत. तिघांना हिरवे ठिपके दिले.

संध्याकाळी आमोदच्या हातावर ठेवले. कुठून आणले, त्याने विचारलं. मी फळीकडे पाहिलं. त्याला समजलं. तो खाली बसला. मूठ मिटून म्हणाला, "बाबा, हे कशाला केलंत?" मी म्हटलं, आता गंधारचं पेडल तरी होईल. तो उठून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडला.

मला बरं वाटलं, खोटं का सांगू. खूप दिवसांनी काहीतरी दिलं मी कोणाला.

१५ ऑक्टोबर

गंधारच्या पेडलचं काय झालं विचारलं. करतो, म्हणाला.

२२ ऑक्टोबर

पाडवा. नम्रताने आमोदला ओवाळलं. मलाही ओवाळायला आली, मी नको म्हटलं. आजच्या दिवशी ते बायकोचं काम.

मग बाल्कनीत जाऊन टेबलापाशी बसलो. कोणी बघत नव्हतं म्हणून हेडफोन कानाला लावले आणि नुसती तार छेडत बसलो. पट्टीवर काही नाही, आवाज कुठून येणार. सवय.

सरळ लिहितो आता. मला भीती वाटते. हा माल कधीच आला नाही तर मी पुन्हा त्या खुर्चीत जाणार. मला माहीत आहे तिथे काय असतं. तिथे सकाळ झाली तरी काही होत नाही. लोक म्हणतात, वय झालं, आता आराम करा. अहो, आराम कशातून? आधी काहीतरी असावं लागतं ना! आज दाढी केली नाही. सणाचा दिवस असून केली नाही. आरशात पाहिलं आणि वाटलं, कोणासाठी?

२ नोव्हेंबर

हे लिहायलाच हवं.

दुपारी गंधार आला. आमोद हिंजवडीला, नम्रता बाजारात. दार उघडंच होतं म्हणून आत आला. आमोददादाचा अॅडॉप्टर परत द्यायचा होता म्हणे. मी म्हटलं, बस, तुझ्या पेडलचं मनावर घेतलंय, जरा धीर धर. तो म्हणाला, "काका, माझं कधीच मिळालं की. नवीन बॅच एकदम भारी आहे! एकदम सायलेंट."

नवीन बॅच? माल कुठला? मी विचारलं. तो गोंधळला. हिंजवडीला, पुष्करदादाच्या फ्लॅटवर. गणपतीच्या आधीच आला ना माल, मोठा खोका होता, मीच तर वर चढवायला मदत केली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं. चहासुद्धा न घेता गेला.

गणपतीच्या आधी!

म्हणजे मी इथे रिकाम्या ट्रेची पूजा करत होतो तेव्हा माल होता. मी जुन्या बाजारात उन्हात उभा होतो तेव्हा होता. मी हेमाचा रेडिओ फोडला तेव्हा होता! आणि हा रोज संध्याकाळी उतरलेला चेहरा घेऊन यायचा आणि मान हलवायचा. माझ्या पोटचा पोरगा. नाटकवाला.

सगळं त्या पुष्करचं. मीटर, आकडे, भराभर माल काढा, म्हाताऱ्याचा कान म्हणजे नुसता खोळंबा. आणि आमोदला सरळ सांगायची हिंमत नाही, म्हणून बल्गेरिया, जहाज, वळसा. मी मूर्ख. मला त्याची दया येत होती.

"एकदम सायलेंट." माझी काय बोंबलत होती का?

रात्री जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

३ नोव्हेंबर

भांडायचं नाही. ठरवलं. भांडलो की म्हातारा किरकिरा होतो आणि समोरचा बिचारा. ऐकवायचं. मुद्दा आवाजाचा आहे, तर आवाजच बोलेल.

आमोद गेल्यावर त्याचा खण उघडला. हेमाच्या रेडिओचे तिन्ही तिथेच होते. कापसात गुंडाळलेले, हिरव्या ठिपक्यांसकट. लावलेच नाहीत त्याने! फेकले नाहीत आणि लावलेही नाहीत.

जोडणी तयार असलेली एक डबी कपाटात होती, फक्त दोन ट्रान्झिस्टर बसवायचे बाकी. भिंग लावलं. पाय कापले, वाकवले, डाग दिले. घाम फुटला, पण डाग बघा — आरशासारखे. पुष्करने असे देऊन दाखवावेत. हेडफोन लावून ऐकलं. तार छेडली. जाड, गोड, भरलेला. आणि तार थांबल्यावर मागे काही नाही. विहिरीच्या तळाची शांतता. तासभर ऐकत बसलो. रडलो थोडासा. तिच्या रेडिओचा आवाज आहे तो.

उद्या आमोदला सुट्टी घ्यायला सांगितलंय. मोठा स्पीकर लावणार. त्याच्या तोंडावर वाजवणार आणि विचारणार, आता सांग, तुझ्या मीटरने निवडलेल्यात हे आहे का?

आज दाढी केली.

४ नोव्हेंबर

समोर बसवलं त्याला. स्पीकर लावला, पेडल दाबलं, तार छेडली आणि थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, "ऐक आता. मागे किती शांत आहे बघ."

आमोद जमिनीकडे पाहत होता. स्वयंपाकघरातून नम्रता आली, कणकेचे हात दोन्ही कानांवर दाबून. "बाबा, केवढी शीळ घालतंय ते. बंद करा ना."

मी दोघांकडे पाहिलं. तार कधीच थांबली होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं.